काशिद-दिवेआगरच्या एका रात्रीसाठी भाड्याचं किट: काय न्यावं, काय दुकानातच ठेवावं

ठाण्यात किंवा वाशीत कॅमेरे भाड्याने देणाऱ्या दुकानात जाऊन "शनिवार-रविवार कोकणात चाललोय, रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचेत" एवढं म्हटलं, की काउंटरवर साधारण एकच संच मांडला जातो. सोनी ए७ मार्क थ्री बॉडी, सॅमयांगची १४ मिमी एफ २.८ मॅन्युअल लेन्स, सोनीची २४-१०५ एफ ४, ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारा स्काय-वॉचरचा स्टार ॲडव्हेंचरर टू-आय ट्रॅकर, ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड, एक बॅटरी आणि ६४ जीबीचं एक कार्ड. हे परीक्षण त्या संचाचं आहे, आणि तेही एकाच कामापुरतं: शनिवारी सकाळी निघायचं, काशिद, मुरूड किंवा दिवेआगरला एक रात्र काढायची, रविवारी परत. स्पितीला आठ दिवस जाणाऱ्यांनी यातलं फारसं मनावर घेऊ नये.

निकाल आधीच सांगतो. ट्रॅकर दुकानातच ठेवा. त्याच्या भाड्यात दुसरी बॅटरी, दव बसू नये म्हणून लेन्सला गुंडाळायचा हीटरचा पट्टा आणि जरा दणकट ट्रायपॉड बसतो, आणि किनाऱ्यावर फोटो वाचतात ते या तीन गोष्टींमुळे.

कारण कळायला आधी किनाऱ्याची दिशा बघावी लागते. आपला समुद्र पश्चिमेला. आकाशगंगेचा गाभा, म्हणजे वृश्चिकाच्या नांगीजवळचा तो फुगीर, उजळ भाग, उगवतो आग्नेयेला, उत्तरेपासून पूर्वेकडे मोजत गेलं तर साधारण १२१ अंशांवर. म्हणजे जमिनीवर, सुरूच्या आणि सुपारीच्या झाडांमागून. मावळतो नैर्ऋत्येला २३९ अंशांवर, तो मात्र समुद्रात. फेब्रुवारीच्या मध्यावर तो पहाटे साडेतीनच्या सुमारास उगवतो आणि उजाडेपर्यंत जमिनीच्याच बाजूला राहतो. एप्रिलच्या मध्यावर पहाटे पावणेपाचला बरोबर दक्षिणेला येतो. मेच्या मध्यावर त्याच वेळेला २१२ अंशांवर, ३४-३५ अंश उंचीवर असतो, म्हणजे समुद्रावर कलू लागलेला. नंतर पाऊस. मग ऑक्टोबरच्या मध्यावर काळोख पडल्यापडल्या, साडेसातला, तो २२० अंशांवर, २८ अंश उंचीवर सापडतो आणि दहाच्या सुमारास पाण्यात बुडतो. "समुद्रावर आकाशगंगा" असा फोटो हवा असेल तर कोकणात खरे दिवस हे दोनच: मेच्या पहाटा आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी. एप्रिलमध्ये तडजोड करता येते. काशिदच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला उभं राहून दक्षिणेकडे तोंड केलं, की उजवीकडे पाणी, डावीकडे सुरू आणि मधोमध गाभा येतो. फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी समुद्राची आशा सोडून झाडं, होडी किंवा देवळाचं शिखर पुढ्यात घ्यावं.

या आकड्यांमधून लेन्सबद्दलची पहिली गोष्ट निघते. पूर्ण फ्रेमच्या सेन्सरवर १४ मिमी लेन्स आडवी धरली तर उभ्या दिशेने सुमारे ८१ अंश दिसतं. क्षितिज मधोमध ठेवलं तर वरची कड चाळीस अंशांवर संपते. एप्रिलमध्ये दक्षिणेला आलेला गाभा जवळपास ४३ अंशांवर असतो, म्हणजे नेमका कापला जातो. तेव्हा एप्रिल-मेमध्ये कॅमेरा उभा धरायचा. ऑक्टोबरमध्ये आडवा चालतो. त्यासाठी ट्रायपॉडवर एल आकाराची प्लेट असलेली बरी. दुकानातल्या साध्या बॉल हेडवर कॅमेरा उभा वळवला की सगळं वजन एका बाजूला लटकतं, आणि वीस सेकंदांत हेड हळूच घसरतं. तारे लांबट आलेले बघून लोक शटर कमी करत बसतात. दोष हेडच्या स्क्रूचा असतो. काउंटरवरच कॅमेरा उभा लावून, हेड घट्ट करून, लेन्सच्या टोकावर बोटाने हलका दाब देऊन बघा.

सॅमयांगची ही १४ मिमी लेन्स या कामासाठी अजूनही पैसे वसूल करून देते. एफ २.८ वर कोपऱ्यांतले तारे थोडे पसरतात आणि कडा चांगल्याच काळवंडतात, पण मधला भाग स्वच्छ येतो आणि कडांचा अंधार संपादनात उचलता येतो. दोन गोष्टी मात्र दुकानात कुणी सांगत नाही. एक, लेन्सला इलेक्ट्रॉनिक संपर्क नाहीत, त्यामुळे सोनीच्या बॉडीला लेन्स लावलीय हेच कळत नाही. मेनूत "रिलीज विदाउट लेन्स" चालू केलं नाही तर शटरच उडत नाही, आणि पहाटे साडेतीनला अंधारात कॅमेरा बिघडला असं वाटतं. निघण्यापूर्वी एक फोटो काढून बघितला की काम झालं. दुसरी, फोकस रिंगवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवू नये. या लेन्समध्ये ती खूण आणि खरं अनंत जुळेलच असं नाही. फोकस ठळक ताऱ्यावरच करायचा. फेब्रुवारीच्या संध्याकाळी व्याध किंवा अगस्त्य, एप्रिल-मेच्या पहाटे अभिजित, ऑक्टोबरच्या संध्याकाळी पुन्हा अभिजित किंवा श्रवण. स्क्रीनवर ११.७ पट मोठं करायचं, रिंग सावकाश फिरवत तारा सर्वांत बारीक होईल तिथे थांबायचं, थोडं पुढे जाऊन परत यायचं, आणि मग रिंगवर कागदी चिकटपट्टी मारायची. साधी सेलोटेप नको, दमट हवेत ती सुटते आणि रिंगला गोंद धरतो. मग दुकानदाराचं तोंड बघावं लागतं.

त्याच मेनूत "ब्राइट मॉनिटरिंग" नावाची सोय आहे. ती एखाद्या कस्टम बटणावर ठेवली तर काळ्याकुट्ट अंधारातही स्क्रीनवर क्षितिज आणि पुढचे खडक दिसतात. चौकट जुळवायला चाचणीचे दहा फोटो काढण्याची गरज उरत नाही. या बॉडीतली सगळ्यात कामाची आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी गोष्ट हीच असावी.

शटरचा हिशेब. "पाचशे भागिले फोकल लेंथ" या जुन्या नियमाने १४ मिमीला ३५ सेकंद येतात. तो नियम फिल्मच्या काळातला आहे. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तारे स्पष्ट ओढलेले दिसतात. एनपीएफ नावाचा नवा हिशेब असा: लेन्सच्या छिद्राचा आकडा (एफ २.८ मधला २.८) गुणिले ३५, अधिक पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये गुणिले ३०, या बेरजेला फोकल लेंथने भागायचं. या बॉडीचा पिक्सेल ५.९ मायक्रॉनचा. म्हणजे ९८ अधिक १७७, भागिले १४, साडेएकोणीस सेकंद. वीस सेकंद, एफ २.८, आयएसओ ३२००: इथून सुरुवात करा. स्वतःचा लहान सेन्सरचा, म्हणजे एपीएस-सी कॅमेरा नेत असाल तर त्याच लेन्सवर पंधरा सेकंद धरा.

आता ट्रॅकर. यंत्र म्हणून तो चांगला आहे: पाच किलोपर्यंतचं वजन पेलतो, चार एए सेलवर चालतो, आत ध्रुवदुर्बीण आहे, ताऱ्यांच्या गतीशिवाय चंद्राची, सूर्याची आणि अर्धी गतीही देतो. प्रश्न आहे तो आपल्या अक्षांशाचा. ध्रुवतारा क्षितिजापासून तितकाच वर दिसतो जितका आपला अक्षांश. मुरूडला तो सव्वाअठरा अंशांवर, दिवेआगरला अठराच्या आसपास. म्हणजे वितीपेक्षाही कमी उंचीवर, बरोबर त्या पट्ट्यात जिथे किनाऱ्यावरचा दमटपणा आणि धूसरपणा सर्वांत जाड असतो. त्यात उत्तरेलाच अलिबाग आणि पलीकडे मुंबईचा उजेड. काशिदला उत्तर आणि पूर्व बाजूला डोंगर आणि झाडी. ध्रुव दिसला तरी ध्रुवदुर्बिणीत त्याच्याभोवतीचे फिके तारे दिसत नाहीत, आणि मग जो सापडला तो ध्रुवच की दुसरा कुणी, यावर पाऊण तास जातो. ऑक्टोबरमध्ये हातात दोन तास असतात, त्यातला हा पाऊण तास.

अठरा अंशांवर ट्रॅकरचा अक्ष जवळजवळ आडवा होतो. मग कॅमेरा आणि प्रतिवजन दोन्ही ट्रायपॉडच्या बाहेर झुकतात आणि प्रतिवजनाचा दांडा पायाला अडकतो. एक पाय बरोबर उत्तरेला ठेवला तर तोल जरा सावरतो. पुळणीवर मात्र तो पाय बाकीच्यांपेक्षा जास्त रुततो आणि नीट लावलेला अक्ष दहा मिनिटांत ढळतो.

बरं, एवढं करून मिळतं काय? गणित करून बघा. अक्ष एक अंशाने चुकला तरी तारा सेकंदाला जास्तीत जास्त पाव विकलेने (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. दोन मिनिटांत ३१ विकला. १४ मिमी लेन्सवर एक पिक्सेल सुमारे ८७ विकलांचा, म्हणजे ही चूक दिसतच नाही. ३५ मिमीवर पिक्सेल ३५ विकलांचा, तिथेही निभावतं. ८५ मिमीवर चौदा विकलांचा, तिथे दोन पिक्सेलची ओढ दिसते. म्हणजे ध्रुव नीट साधण्याची खरी गरज लांब लेन्सला. रुंद लेन्ससाठी होकायंत्राने उत्तर आणि ट्रॅकरच्या वेजवर, म्हणजे तिरपेपणा ठरवणाऱ्या बुडावर, अठरा अंश एवढं पुरे. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही. होकायंत्र मात्र गाडीपासून आणि ट्रायपॉडपासून चार पावलं दूर धरून वाचा. पण रुंद लेन्सवर ट्रॅकरने आकाश धरलं की खालची जमीन फरफटते. मग ट्रॅकर बंद करून जमिनीचा वेगळा फोटो काढायचा आणि घरी दोन्ही जोडायचे. नारळाच्या झावळ्या आकाशात घुसलेल्या असतील तर ती जोडणी करणाऱ्याला आमचा नमस्कार.

त्याऐवजी साध्या ट्रायपॉडवर वीस सेकंदांचे सोळा फोटो ओळीने काढा. सोळा फोटो एकावर एक रचले की फोटोतले दाणे (नॉइज) चौथ्या हिश्श्यावर येतात, आणि एकूण प्रकाश सव्वापाच मिनिटांचा जमतो. विंडोजवर सिक्वेटर हे फुकट सॉफ्टवेअर आकाश आणि जमीन वेगळी धरून हे रचतं. मॅकवर स्टारी लँडस्केप स्टॅकर विकत घ्यावं लागतं. बॉडीत मध्यंतराने फोटो काढण्याची सोय फर्मवेअर ३.० पासून आली, त्यामुळे भाड्याच्या बॉडीची आवृत्ती मेनूत बघून घ्या. नसेल तर तारेचा रिमोट मागा. मध्यंतर शटरपेक्षा दोन-तीन सेकंद जास्त ठेवायचं, म्हणजे बावीस-तेवीस. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद. ते चालू राहिलं तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ काळा फोटो घेत बसतो, आणि सोळांच्या जागी आठच हाती लागतात. स्थिरीकरणही बंद करा. एक तोटा मान्य करायला हवा: रचताना समुद्राच्या लाटांचं गुळगुळीत धुकं होतं. लाटेचा आकार हवा असेल तर त्यातला एकच फोटो पाण्यासाठी वापरा.

ट्रॅकर कुणी घ्यावा? ज्याच्याकडे ८५ किंवा १३५ मिमीची चांगली लेन्स आहे, ज्याला वृश्चिकातल्या ज्येष्ठा ताऱ्याभोवतीचे रंगीत ढग टिपायचेत आणि समुद्राशी देणंघेणं नाही, त्याने. पण मग त्याने किनाऱ्यावर तरी का जावं?

तारखेचं म्हणाल तर नुसती अमावास्या बघून बुकिंग करणं चुकीचं. भरतीचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा. अमावास्येला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास असते. ओहोटी त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी. हा अंदाज झाला. निघताना भरतीचं अधिकृत वेळापत्रक बघायचंच. एप्रिल-मेच्या पहाटेसाठी वद्य त्रयोदशी ते शुद्ध द्वितीया हे दिवस उत्तम. त्रयोदशीला चारच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते, ओली पुळण आरशासारखी चमकते आणि चंद्राची कोर उगवली तरी बारीक. शुद्ध सप्तमीला चंद्र मध्यरात्रीच मावळतो म्हणून लोक खूश होतात, पण पहाटे सव्वापाचला भरती, चमकणारी ओली पुळण पाण्याखाली असते. ऑक्टोबरच्या संध्याकाळसाठी उलट: अमावास्येची वाट बघू नका, वद्य षष्ठी ते अष्टमी घ्या. पाणी ओसरत असतं, चंद्र साडेदहा-अकराशिवाय येत नाही, भरती भांगाची असल्याने पाणी फार चढतही नाही. आश्विन वद्य म्हणजे दिवाळीच्या आधीचा आठवडा, खोल्याही मिळतात. दिवाळी नोव्हेंबरात सरकलेली असेल त्या वर्षी पितृपक्षातले तेच दिवस धरा, नाहीतर गाभा काळोख पडेपर्यंत बराच खाली उतरलेला असतो. अमावास्येच्या संध्याकाळी मात्र पाणी आपल्याकडे चालून येत असतं, आणि तेही उधाणाचं. हरिहरेश्वरच्या देवळामागची समुद्राकडची प्रदक्षिणेची वाट, जाळीदार झिजलेल्या खडकांची, फोटोसाठी अप्रतिम आहे. भरतीत तीच वाट पाण्याखाली जाते. अंधारात तिथे उतरू नये. तिथले फोटो ओहोटीत, उजेडात.

२४-१०५ लेन्स रात्री जवळजवळ निरुपयोगी. एफ ४ म्हणजे एफ २.८ च्या निम्मा प्रकाश, आणि २४ मिमीला शटरही तेरा सेकंदांवर येतं. पण ती नाकारू नका, दिवसाचं सगळं काम तिचंच. १४ मिमीच्या फुगीर काचेपुढे फिल्टर बसत नाही. त्यासाठी मोठा चौकटीवाला होल्डर लागतो, जो भाड्याने क्वचितच मिळतो. २४-१०५ ला ७७ मिमीचा साधा फिल्टर बसतो. सहा स्टॉपचा, म्हणजे प्रकाश ६४ पट कमी करणारा एनडी फिल्टर घेतला तर १/६० चा वेळ एक सेकंद होतो, आणि परतणाऱ्या लाटेच्या पांढऱ्या रेघा नेमक्या अर्ध्या ते एक सेकंदात उठतात. दहा स्टॉपचा नको, त्यात लाटाच पुसल्या जातात. मुरूडच्या किनाऱ्यावरून पद्मदुर्ग मावळतीला १०५ मिमीतही लहानच येतो. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिरा मात्र ५०-७० मिमीत भरतो आणि सूर्य त्याच्याच मागे उतरतो. रात्री जंजिऱ्यावर जाता येत नाही, तो विचार सोडा.

ट्रायपॉडबद्दल दुकानदाराशी वाद घालावा. पिळून घट्ट होणारे लॉक पुळणीत दोन तासांत करकरायला लागतात. खटक्याचे लॉक किनाऱ्यासाठी बरे. कुठलेही असोत, सर्वांत खालचा बारीक भाग आधी वीतभर बाहेर काढा, म्हणजे खालचा लॉक पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहतो. ओल्या पुळणीत लाट मागे जाताना पायाखालची वाळू नेते आणि ट्रायपॉड प्रत्येक लाटेला दोन-तीन मिलिमीटर बसतो. पाय आधीच जोर देऊन खोल रोवा किंवा डब्यांची तीन रुंद झाकणं खाली ठेवा. मधला दांडा वर काढू नका. हुकला पाण्याची बाटली टांगताना ती वाऱ्यात हेलकावणार नाही इतकी खाली, जमिनीला टेकलेली हवी.

दव आणि मीठ हे या सहलीचे खरे शत्रू. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, तेव्हा पहाटे काचेवर मिठाचा थर कमी बसतो, दव मात्र जास्त. संध्याकाळी खारे वारे अजून चालू असतात, आणि ऑक्टोबरमध्ये साडेसातला लेन्सवर तासाभरात चिकट धुरकट थर येतो. दवासाठी यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा लेन्सच्या टोकाजवळ, हूडच्या मागे गुंडाळायचा आणि काच ओली व्हायच्या आधीच चालू करायचा. सात वॉटचा पट्टा दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर चारेक तास चालतो. मिठासाठी कोरड्या कापडाने पुसू नये, काच खरवडते. आधी हवेचा फुगा, मग लेन्सच्या द्रावणाने ओलं केलेलं कापड. तिसरी चूक एसीची: थंडगार खोलीतून कॅमेरा थेट किनाऱ्यावर आणला की लेन्सच्या आतपर्यंत वाफ धरते आणि अर्धा तास काही करता येत नाही. बॅग बंद ठेवूनच बाहेर आणा आणि निघण्याआधी अर्धा तास व्हरांड्यात ठेवा.

एक बॅटरी पुरत नाही. एनपी-एफझेड१०० चांगली टिकते, पण सूर्यास्त, रात्रीचे संच आणि पहाट हे तिन्ही एका बॅटरीवर काढायला जाऊ नका. कार्ड पुरतं. अनकॉम्प्रेस्ड रॉ फाइल सुमारे ४७ एमबीची, म्हणजे ६४ जीबीत तेराशेच्या आसपास.

रस्ता. ठाण्याहून ऐरोली-घणसोलीमार्गे ठाणे-बेलापूर रस्ता, मग कळंबोली, पळस्पे फाटा, पेण, वडखळ. काशिद-मुरूडसाठी वडखळला उजवीकडे पोयनाड, अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई. वाशीहून काशिद सव्वाशे किलोमीटरच्या आत, पण कोर्लई गावातला रस्ता इतका अरुंद की समोरून एसटी आली तर कुणीतरी मागे घ्यायचंच. दिवेआगरसाठी महामार्गाने सरळ माणगाव, तिथून म्हसळा, बोर्ली पंचतन. मुरूडहून पुढे जायचं तर आगरदांडा ते दिघी फेरी गाडीसकट नेते. ती रात्रभर चालत नाही, शेवटची वेळ धक्क्यावर विचारून ठेवा. दोन्हींत काळोख दिवेआगरचा जास्त, सोय काशिदची. २०२० च्या निसर्ग वादळात दिवेआगर-श्रीवर्धन पट्ट्यातली सुरू-सुपारीची झाडं खूप पडली, त्यामुळे जुने फोटो बघून जागा ठरवू नका.

मुक्कामाच्या घरमालकाला आदल्या दिवशीच सांगा, "काका, पहाटे तीनला फाटक उघडं लागेल." गाडी पुळणीवर उतरवू नका, भरतीत रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर मिळेपर्यंत इंजिनात खारं पाणी गेलेलं असतं. डोक्याचा दिवा लाल हवा, आणि डिसेंबर ते एप्रिल दिवेआगर-हरिहरेश्वर बाजूला तोही जमिनीकडे झुकवलेला, कारण तेव्हा ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला वर येतात आणि उजेडाने मागे फिरतात. जूनपासून ते जुलैअखेर मासेमारी बंद असते, एरवी क्षितिजावर होड्यांचे दिवे असणारच. ते फोटोत राहू द्या, खोटं वाटत नाही.

भाडं ठरवताना एकच प्रश्न आधी विचारा: दिवस चोवीस तासांचा की तारखेचा? शनिवारी सकाळी आठला घेतलेलं किट रविवारी सकाळी आठला परत करणं अशक्य, म्हणजे दोन दिवस धरूनच चाला. रविवारी संध्याकाळी वडखळची रांग टाळायला लोक पहाटेचं शूट आटोपून तसेच स्टिअरिंगवर बसतात. ते करू नका. दहापर्यंत झोपा, अकराला निघा. काउंटरवर किट घेताना आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे रोखून एफ १६ वर एक फोटो काढा आणि सेन्सरवरचे डाग दुकानदारासमोर मोजून पावतीवर लिहून घ्या. १४ मिमीच्या फुगीर काचेवरचे ओरखडेही टॉर्च तिरपा मारून बघा. परत करण्याआधी ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा, उलटे ठेवून वाळवा, प्रत्येक लॉक एकदा उघडझाप करा. डिपॉझिट कापलं जातं ते बहुतेक वेळा कॅमेऱ्यामुळे नाही, या लॉकमध्ये अडकलेल्या चमचाभर वाळूमुळे.